हरवलेला पाना

देवासच्या आग्नेयेस हाटपिपल्या हे गाव आहे. नावातच हाट असलेल्या माळव्यातील या गावी गव्हाची किंवा सोयाबीनची मळणी सुरू झाली, की बिघडलेली मळणीयंत्रे उघडून बसलेले कारागीर दृष्टीस पडतात. त्यांतील जाणता कारागीर दुरुस्ती आटोपताच यंत्र सुरू करीत नाही. गोणपाटावर मांडलेले पाने, पक्कड, हातोडी तो एकवार मोजून घेतो. एखादा पाना कमी भरला, तर तो यंत्राच्या पोटात राहिला असण्याचा संभव असतो. आणि फिरत्या ढोलात पाना सापडला म्हणजे काय होते, हे कोणाही शेतकऱ्यास सांगावयास नको.

मळणीयंत्र निदान जमिनीवर उभे असते. पट्टा उतरविला की ते थांबते. हीच चूक विमानाच्या इंजिनात राहून गेली तर काय होईल?

जेट इंजिनाचे तत्त्व सोपे आहे. पुढच्या तोंडाने हवा आत ओढावयाची, पात्यांच्या एकामागून एक असलेल्या रांगांनी ती दाबावयाची, तिच्यात इंधन जाळावयाचे आणि तापलेला वायू मागील बाजूने वेगाने बाहेर सोडावयाचा. ही पाती मिनिटाला हजारो फेरे घेतात. पात्याचे टोक आणि भोवतालचे कवच यांमध्ये अंतर असते ते अगदी थोडे. अशा ठिकाणी एखादा नट, वॉशर किंवा तारेचा तुकडा शिरला, तर पहिल्या रांगेतील पाते दुखावते. ते मोडले, तर त्याचा तुकडा मागील रांगांवर आदळतो आणि एकाचे नुकसान अनेकांचे होते. हवेचा प्रवाह विस्कटून इंजिन धडाके देऊ लागते व प्रसंगी बंद पडते. अशा हानीला वैमानिकी परिभाषेत ‘फॉरिन ऑब्जेक्ट डॅमेज’, म्हणजे परक्या वस्तूने झालेली इजा, असे म्हणतात.

याहून फसवी असते ती लहान इजा. पात्याच्या कडेला बारीकशी खाच पडते; इंजिन मात्र सुरळीत चालत राहते. त्या खाचेशी धातूवरील ताण एकवटतो, तेथे केसासारखा तडा जातो आणि प्रत्येक उड्डाणागणिक तो वाढत राहतो. पाते मोडते ते पुष्कळ दिवसांनी, कदाचित दुसऱ्याच गावच्या आकाशात. म्हणूनच तंत्रज्ञ बोरोस्कोप नावाची दिवा लावलेली बारीक नळी इंजिनात घालून पात्यांच्या कडा तपासतात.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा नाही. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात पूर्वी मिग-२१ आणि पुढे सुखोई-३० विमाने तयार झाली. तेथेच हवाई दलाचे मिग-२९ विमानांची दुरुस्ती करणारे केंद्र आहे. ही मिग-२९ विमाने १९८७ साली भारतात आली, तेव्हा त्यांचे पहिले ठाणे पुण्याचे लोहगाव हे होते. खडबडीत धावपट्टीवरील खडे इंजिनात जाऊ नयेत, म्हणून त्यांच्या रचनाकारांनी एक नामी योजना केली होती. विमान जमिनीवर असताना इंजिनाच्या तोंडाशी असलेली दारे मिटलेली राहत आणि हवा वरच्या अंगाच्या फटींतून आत घेतली जाई. विमान वेग घेऊन उड्डाणाच्या बेतात आले, की दारे उघडत. सुखोई-३० विमानात याच कामासाठी सरकती जाळी बसविलेली असते.

परंतु दार काय किंवा जाळी काय, बाहेरून येणाऱ्या खड्यालाच अडवू शकते. दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून जी वस्तू दाराच्या आत राहिली, तिच्यापुढे त्यांचा इलाज चालत नाही. त्या ठिकाणी राखण करावी लागते ती माणसानेच.

ही राखण कशी केली जाते? प्रत्येक अवजारावर क्रमांक कोरलेला असतो. पेटीत त्या त्या अवजाराच्या आकाराचा खळगा असतो, त्यामुळे रिकामी जागा चटकन डोळ्यांत भरते. कामापूर्वी आणि कामानंतर मोजणी होते. इंजिनाच्या तोंडात शिरण्यापूर्वी तंत्रज्ञ आपले खिसे रिकामे करतो. शस्त्रक्रियागृहात टाके घालण्यापूर्वी परिचारिका कापडाच्या घड्या मोजतात, त्यातलाच हा प्रकार होय.

एवढी व्यवस्था असूनही चूक घडते. डिसेंबर २०२३ मध्ये क्वांटास कंपनीच्या एका ए-३८० विमानाची लॉस एंजेलिस येथे तपासणी झाली. पाती हाताने फिरविण्याचे सव्वा मीटर लांबीचे नायलॉनचे अवजार त्या वेळी डावीकडील बाहेरच्या इंजिनात राहून गेले. ते घेऊन विमानाने ३४ उड्डाणे केली, सुमारे २९४ तास प्रवास केला. १ जानेवारी २०२४ रोजी, पुढील तपासणीत, ते सापडले. सुदैवाने अपघात झाला नाही. त्याच वर्षी, १५ मार्च २०२३ रोजी, अमेरिकेतील ल्यूक हवाई तळावर एका एफ-३५ विमानाच्या इंजिनात हातातली विजेरी ओढली गेली. इंजिन जमिनीवरच चालविले जात होते, त्यामुळे जीवितहानी टळली. परंतु त्या लहानशा विजेरीने सुमारे ४० लाख डॉलरचे नुकसान केले.

क्वांटासच्या घटनेतील एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. अवजार जागेवर नाही, हे विमान सोडण्यापूर्वीच कळून आले होते, असे ऑस्ट्रेलियाच्या चौकशीत आढळले. मोजणीने आपले काम केले होते. परंतु हरवलेल्या अवजाराचा शोध घेण्याची जी रीत ठरलेली आहे, ती सुरू न करताच विमानाला उड्डाणाची परवानगी मिळाली. मोजणे ही अर्धीच गोष्ट आहे. मोजणीचा आकडा जुळला नाही, तर सर्व काम थांबविणे, हा तिचा दुसरा आणि अधिक कठीण भाग होय.

कठीण अशासाठी, की विमानाची वेळ झालेली असते, प्रवासी खोळंबलेले असतात आणि पाना कदाचित दुसऱ्याच कोणाच्या पेटीत असेल, असे मन सुचवीत असते. अशा वेळी ‘माझा पाना सापडत नाही’ असे सांगणे म्हणजे आपला निष्काळजीपणा आपल्याच तोंडाने कबूल करणे. असे सांगणाऱ्याला शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी दुसरा गप्प राहील आणि त्याच्या मौनाची किंमत त्याला ओळखतही नसलेल्या शेकडो माणसांना मोजावी लागेल. म्हणून शहाणा अधिकारी खरे बोलणाऱ्याला आधी धन्यवाद देतो आणि मग त्याच्याबरोबर स्वतःही शोधास लागतो.

हाटपिपल्याच्या शेतावर दिवस कलत आला आहे, आभाळ भरून आले आहे आणि धान्य उघड्यावर पडले आहे. कारागीर म्हणतो, “मालक, थोडे थांबा. एक पाना भरत नाही.” त्या क्षणी मालक त्याच्यावर ओरडतो, की कंदील घेऊन त्याच्याशेजारी बसतो, यावर त्या यंत्राचे आणि त्यावर उद्या काम करणाऱ्या हातांचे भवितव्य अवलंबून असते.