वर्कशॉपचा डक्ट किती मोठा असावा?

वणी तालुक्यातील राजूर म्हटले की कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या डोळ्यांपुढे येतात. अशा गावात वेल्डिंग, लेथ, ट्रकदुरुस्ती या कामांना तोटा नसतो. मात्र मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकला की पत्र्याच्या छपराखाली दुपारचे काम बंद पडते. मग मालक डक्ट कूलर आणायचे ठरवतो. कूलर बाजारातून तयार येतो, डक्ट मात्र आपला पत्र्याचे काम करणारा मिस्त्रीच बनवतो. काम फसले की बोटही त्याच्याकडेच वळते.

असे एक फसलेले काम आम्ही जवळून पाहिले आहे. कूलर 12,000 सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला तितके घनफूट हवा देणारा होता. "मिस्त्री, दोन बाय दोन फूट पुरे, पत्रा वाचेल," असे मालक म्हणाले आणि मिस्त्रींनी मान डोलावली. डक्ट सुरू होताच आगगाडीसारखा आवाज होऊ लागला. शेवटच्या जाळीपुढे धरलेला रुमालही हलेना. डक्ट उतरवावा लागला, मजुरी अडकली, आणि उन्हाळा तसाच गेला.

चूक साध्या भागाकाराची होती. हवेचे माप भागिले हवेचा वेग म्हणजे डक्टच्या तोंडाचे क्षेत्रफळ. वर्कशॉपच्या मुख्य डक्टमध्ये मिनिटाला सुमारे 1,200 फूट वेग चालतो. 12,000 ला 1,200 ने भागले तर 10 चौरस फूट येतात. मिस्त्रींनी दिले 4. तेवढीच हवा त्यातून न्यायची तर वेग अडीच पट हवा, आणि वेग अडीच पट झाला की अडथळा सहा पटींहून जास्त वाढतो. एवढा जोर पंख्यात नसतो, म्हणून हवाच कमी येते.

आता पूर्ण हिशेब पाहू. समजा शेड 60 बाय 40 फूट, उंची 15 फूट. आतली हवा 36,000 घनफूट. पाण्याच्या कूलरला ती तासाला निदान 20 वेळा बदलावी लागते. म्हणजे तासाला 7,20,000, मिनिटाला 12,000 घनफूट. आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात, बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असताना, चांगल्या पॅडमधून हवा 28 अंशांच्या आसपास निघते.

ही हवा चार जाळ्यांतून सोडायची तर प्रत्येकीला 3,000 घनफूट. डक्टची उंची अडीच फूट कायम ठेवली तर रुंदी पहिल्या जाळीपर्यंत 4 फूट, मग 3, मग 2. शेवटचा तुकडा हिशेबाने 1 फुटाचा येतो, पण अरुंद डक्टमध्ये घर्षण जास्त, म्हणून तो सव्वा फूट करावा. जाळीतून वेग 600 च्या आसपास असावा, म्हणजे 5 चौरस फूट मोकळी जागा. जाळीच्या पट्ट्या काही जागा खातात, तेव्हा अडीच बाय अडीच फूट जाळी बसवावी.

क्षेत्रफळ तेच असले तरी आकाराने पत्रा वाढतो, हेही मालकाला सांगावे. 10 चौरस फुटांच्या गोल डक्टचा घेर सुमारे 11 फूट, अडीच बाय चारचा 13 फूट, आणि एक बाय दहाचा चक्क 22 फूट! छताखाली जागा नाही म्हणून चपटा डक्ट मागणाऱ्याला पत्रा आणि घर्षण दोन्ही महाग पडतात.

कोपरा काटकोनात मोडू नये. मधल्या रेषेची त्रिज्या रुंदीच्या दीडपट ठेवावी. जागा नसेल तर आत वळणदार पट्ट्या बसवाव्यात. चार फुटी बाजूला 22 गेजचा पत्रा घ्यावा आणि त्यावर कोनाकोनी घडी मारावी, नाहीतर तो ढोलासारखा वाजतो. कूलरवर छापलेला सीएफएम पुष्कळदा डक्ट न लावता मोजलेला असतो. डक्टच्या दाबावर किती हवा मिळते, हे दुकानदाराला विचारूनच कूलर घ्यावा.

एसीच्या सवयीने दारे-खिडक्या बंद करणारे बरेच भेटतात. कूलरची हवा बाहेर गेलीच पाहिजे, नाहीतर आत दमट कोंडते. आपल्या उदाहरणात समोरच्या भिंतीला 4 बाय 3 फुटांच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात.

राजूरची खास अडचण धुळीची. चुन्याची भुकटी ओल्या पॅडवर बसली की कडक थर होतो. म्हणून कूलरचे तोंड भट्टीच्या आणि कोळशाच्या वाऱ्याकडे ठेवू नये, टाकीतले थोडे पाणी सतत सोडत राहावे आणि पॅड धुण्याचा वार ठरवावा. हवा गरम करण्याची गरज इथे जवळपास नसतेच. पावसाळ्यात आणि थंडीत पंप बंद ठेवून तोच डक्ट वेल्डिंगचा धूर घालवायला वापरता येतो. जेथे गॅस सोडून वेल्डिंग होते, तेथे मात्र जाळीचा झोत टेबलावर येऊ देऊ नये, गॅस उडून जातो.

अंदाजपत्रक देताना शेडचे माप, हवा, वेग आणि डक्टची रुंदी हे चार आकडे लिहून त्यावर मालकाची सही घ्यावी. मग "पत्रा वाचेल" म्हणणाऱ्याला तोच कागद दाखवता येतो.