सीआरपी किती आला?

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात जाणता शेतकरी नुसते दात बघून गाय घेत नाही. तिला चालवून बघतो, कास बघतो, धार काढून बघतो. त्याच घरातलं दोन दिवसांचं बाळ मलूल झालं की मात्र सगळे एका कागदाकडे डोळे लावून बसतात: ‘सीआरपी किती आला?’

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. जंतुसंसर्ग झाला की यकृत ते भराभर बनवू लागतं, पण रक्तात वाढ दिसायला सहा ते बारा तास जातात. म्हणून सकाळी दूध सोडलेल्या बाळाचा दुपारचा आकडा नॉर्मल आला, तरी निर्धास्त होता येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतात ते यासाठी. दर वेळी त्यात लॅबवाल्याचा धंदा शोधू नये. उलट, बाळंतपण लांबलं, अडलं, तर संसर्ग नसतानाही आकडा चढतो. प्रोकॅल्सिटोनिन हे रक्तात मोजलं जाणारं दुसरं प्रथिन सीआरपीच्या आधी वाढतं खरं, पण जन्मानंतरचे पहिले दोन दिवस ते निरोगी बाळातही चढलेलंच असतं. पक्का पुरावा ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू उगवून बघण्याचा, आणि त्याला एक-दोन दिवस लागतात.

कागदावर एककही बघावं. एका लॅबचा १ आणि दुसरीचा १० एकच असू शकतो. एक डेसिलिटरमागे मोजते, दुसरी लिटरमागे.

मला विचाराल तर सीआरपीचा खरा उपयोग औषध थांबवताना होतो. चोवीस तासांच्या अंतराने दोनदा कमी आला, कल्चरमध्ये जंतू उगवले नाहीत, बाळ नीट पितंय, तर डॉक्टर अँटिबायोटिक बंद करू शकतात. हे महत्त्वाचं, कारण गरज नसताना औषध दिलं की जंतू त्याला सरावतात. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांच्या २०१६च्या अभ्यासात नवजात बाळांमधले कितीतरी जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत काम केलं, तिथे असली कुठलीच तपासणी नव्हती. गावातल्याच बायका लक्षणांवरून आजार ओळखत आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन देत. या घरपोच सेवेमुळे तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं.

बाळ अंगावर प्यायचं थांबलं, रडणं क्षीण झालं, अंग गार पडलं, छाती आत ओढली जाऊ लागली, तर आधी १०८ला फोन करा. ताप येण्याची वाट बघू नका. इतक्या लहान बाळाला तो पुष्कळदा येतच नाही.