उन्हांत काम करणारें पांढरें चूर्ण

गेल्या उन्हाळ्यांत खालापूर तालुक्यांतील एका गांवीं एक विक्रेता पांढऱ्या चूर्णाच्या पुड्या घेऊन आला होता. विहिरींत चिमूटभर टाका, रंग, वास व फवारणीचें विष सर्व नाहींसें होईल, असें त्याचें म्हणणें. पाताळगंगेच्या कांठीं कारखान्यांच्या शेजारानें शेती करणाऱ्यांस असलें आश्वासन किती गोड वाटतें, हें सांगावयास नको. पुडीवर नॅनो झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताचें अतिसूक्ष्म भस्म, असें छापलें होतें. आमची हयात महसुली दप्तरांत गेली, रसायनशाळेंत नव्हे. तथापि गांवकऱ्यांनीं विचारलें म्हणून आम्हीं जी माहिती मिळविली ती येथें देत आहों.

अतिसूक्ष्म म्हणजे काय, हें आमच्या जुन्या मापानेंच सांगतों. या भस्माचे पांच ग्रॅम दाणे एक मिलिमीटर जाडीचे असले, तर त्या सर्वांचें पृष्ठ मिळून तळहाताहूनही कमी भरतें. तेच दाणे मीटरच्या अब्जांशाच्या पन्नासपट जाडीचे केले, तर पृष्ठ सुमारें एक गुंठा होतें. सारें काम पृष्ठावरच चालतें, म्हणून या बारीकपणाचें महत्त्व.

अशा भस्मांस अर्धवाहक म्हणतात. त्यांतील विद्युत्कण आपापल्या जागीं बांधलेले असतात. जंबुपार किरण, म्हणजे जांभळ्याच्या पलीकडचा डोळ्यांस न दिसणारा प्रकाश, त्यांवर पडला म्हणजे एखादा कण वरच्या पायरीवर चढतो व मागें रिकामी जागा राहते. पुढें दोन वाटा आहेत. कण त्या जागेंत परत पडला, तर घेतलेली शक्ति उजेडाच्या अथवा उष्णतेच्या रूपानें परत करतो. जस्तभस्माचा हा उजेड कांहीं जंबुपारच असतो. रचनेंत दोष असल्यास हिरवटही पडतो. जुन्या व्हिडिओ यंत्रांवर निळसर-हिरवे आंकडे दिसत, ते याच भस्माच्या लेपाचे. तेथें मात्र किरणांऐवजीं विद्युत्कणांचाच मारा होत असे.

दुसरी वाट अशी कीं, कण व रिकामी जागा परस्परांस न भेटतां पृष्ठावर येतात. तेथें कण प्राणवायूस मिळतो, रिकामी जागा पाण्यापासून कण ओढून घेते, व क्षणभर टिकणारीं अत्यंत तीव्र द्रव्यें उत्पन्न होतात. रंग, तेल, विष, जें जवळ सांपडेल तें तीं तोडतात. एकच रुपया तिजोरींत जमा व बाजारांत खर्च असा दोन्हीकडे दाखवितां येत नाहीं. त्याप्रमाणें जी शक्ति उजेडांत गेली ती सफाईस मिळत नाहीं. म्हणून संशोधक चूर्णाचा उजेड मोजतात, व तो मंद झाल्यास सफाईचा गुण वाढला असावा असा तर्क करतात. तर्कच म्हणावयाचा, कारण शक्ति नुसत्या उष्णतेंतही जाऊं शकते.

टिटॅनियमच्या भस्मासही हा गुण आहे. त्याच्या साहाय्यानें प्रकाशानें पाण्याचें विघटन होतें, असें जपानच्या फुजिशिमा व होंडा यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलें. जुन्या रंगविलेल्या भिंतीवरून हात फिरविला असतां पांढरी भुकटी लागते, तिचें एक कारण हेंच: रंगांतील भस्म उन्हाच्या बळानें आपल्याच बांधणीचा चीक खात असतें.

आम्हीं औषधाच्या दुकानांतून साधें जस्तभस्म आणून अंगणांत चार बाटल्या मांडल्या. चारींत जखमेवर लावावयाच्या जांभळ्या औषधाचे थेंब टाकलेलें पाणी. भस्म घालून उन्हांत ठेवलेली व वरचेवर हालविलेली बाटली सायंकाळपर्यंत जवळजवळ निवळली. भस्माविना उन्हांत ठेवलेली थोडी फिकी झाली. भस्म घालून कोठीच्या अंधारांत ठेवलेलींत चूर्णानें थोडा रंग धरला, इतकेंच. चौथींत भस्माबरोबर मूठभर माती टाकली होती; ती उन्हांत असूनही तशीच राहिली.

विहीर या शेवटच्या दोहोंसारखी आहे. उन्हांत जंबुपार भाग शेंकडा चार-पांचच, तो गढूळ पाण्यांत खोल उतरत नाहीं, आणि कर्जत-खालापूरकडे पावसाळ्याचे चार महिने आभाळ झांकलेलें. शिवाय चूर्ण परत काढावयाचें कसें? आंबट पाण्यांत तर जस्त विरघळतें. विष अर्धवट तुटलें तर मध्येंच काय उत्पन्न होतें, हें तपासल्याविना कोण सांगणार? माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेंतील (स्थापना १९२४) संशोधकांनीं जस्तभस्माचे सूक्ष्म कण स्टार्चबरोबर सुती कापडावर बसविल्याचे प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध केले. जंतू व जंबुपार किरण यांपासून बचाव हा हेतु. तेथें कण कापडावर बसविलेले असतात, पिण्याच्या पाण्यांत मोकळे सोडलेले नसतात.

रात्रीं हें चूर्ण काय करतें, असें आम्हीं विक्रेत्यास विचारलें. त्यानें पुड्यांची किंमत निम्मी केली. गांवानें एकही घेतली नाहीं. विहिरीच्या पाण्याचा नमुना मात्र तपासणीस धाडला आहे. अहवाल हातीं येतांच याच मासिकांत कळवूं.