सहा तास कशापासून?

१२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि घरून काम करणारे आम्ही सगळे बाल्कन्यांत येऊन एकमेकांना विचारू लागलो, ‘तुमच्याकडे आहे का?’ पुढच्या मार्चमध्ये राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले, सायबर घातपाताचा संशय आहे. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, माणसाची चूक. एकाच अंधाराची दोन कारणं! तेव्हापासून ती खोली बघायची होती, जिथे अंधार सगळ्यात आधी कळतो. बऱ्याच खेपांनंतर परवानगी मिळाली ती एका उपकेंद्राची. नाव छापायचं नाही या अटीवर.

गेटवर मोबाइल जमा केला, सही केली, हेल्मेट घातलं. कंट्रोल रूमच्या आधी बॅटरी रूम लागते. दार उघडंच होतं. आंबट, घशाशी येणारा अ‍ॅसिडचा वास. “सगळा जीव हिच्यात,” यंत्रचालक म्हणाले. बाहेरून वीज आली नाही तरी बिघाड ओळखणारे रिले जागे ठेवायचे आणि प्रवाह तोडणारे ब्रेकर पाडायचे ते याच बॅटऱ्यांनी. घरी आल्यावर साडी दोनदा धुतली, तरी मला तो वास येतच राहिला.

आत स्काडाचे, म्हणजे उपकेंद्रावर संगणकातून नजर आणि ताबा ठेवणाऱ्या यंत्रणेचे, दोन पडदे. खालचे संगणक कुलूपबंद कपाटात, यूएसबीच्या खाचांवर चिकटपट्टी आणि पट्टीवर कुणाची तरी सही. भिंतीवर लॅमिनेट केलेला कागद: घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा. सहाखाली लाल पेनाची रेघ.

हे सहा तास आले एप्रिल २०२२ मध्ये, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७०-ब कलमाखाली सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने काढलेल्या निर्देशांतून. त्यातच संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपण्याचा आणि सगळ्या यंत्रणांची घड्याळं जुळवण्याचा हुकूम आहे. त्याआधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली होती. प्रत्येक वीज कंपनीत माहिती-सुरक्षा अधिकारी हवा, ऑडिट हवं, सामान भरवशाच्या पुरवठादाराचं हवं, यंत्रं चालवणारं जाळं इंटरनेटपासून तोडलेलं हवं. कागदावर खोट काढायला जागा नाही.

यंत्रचालकांनी मात्र काढली. सव्वीस वर्षांची नोकरी, खिशाला दोन पेनं. “मॅडम, सहा तास कशापासून?”

“लक्षात आल्यापासून.”

“तेच म्हणतोय मी. ब्रेकर पडला हे माझ्या लक्षात येतं. पतंगाचा मांजा असतो, घोरपड असते, पावसाळ्यात तर विचारूच नका. पडलेला ब्रेकर मला दिसतो. कोणी पाडला, ते थोडंच दिसतं?”

मला युक्रेन आठवलं. २३ डिसेंबर २०१५ला तिथल्या तीन वितरण कंपन्यांच्या ऑपरेटरांसमोर माउसचा बाण आपोआप सरकू लागला आणि एकामागून एक ब्रेकर उघडत गेले. सव्वादोन लाख ग्राहक अंधारात. हल्लेखोर मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ आत बसलेले होते! तिथे सहा तास कुठून मोजायचे? वीज परत आली ती माणसांनी उपकेंद्रांवर जाऊन हातानं ब्रेकर चढवले म्हणून.

ऑडिटची फाइल दाखवा म्हटलं, तर ती जाडजूड निघाली. पानोपानी बरोबरच्या खुणा. दुरुस्तीला येणाऱ्या कंपनीच्या पोराचं नाव, वेळ, त्याच्या लॅपटॉपचा क्रमांक, सगळं नोंदलेलं. त्या लॅपटॉपच्या पोटात काय आहे, हे ओळखणारं तिथे कोणी नाही. फाइल भरण्यात गेलेली मेहनत दिसत होती, म्हणून मी काही बोलले नाही.

इतक्यात यंत्रचालक उठले. तासाचं रीडिंग. पॅनेलसमोर उभं राहून काट्यावरचे व्होल्ट वाचले, यार्डात जाऊन ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान पाहून आले आणि सगळं लॉगबुकात उतरवलं. पडद्यावर हेच आकडे असताना हा खटाटोप कशाला, असं मला वाटलं होतं. पण २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या संगणकी किड्यानं इराणच्या अणुकेंद्रात पडद्यालाच फितवलं होतं: यंत्रं बिघडत होती आणि पडदा सगळं आलबेल दाखवत होता. पडदा खोटं बोलू लागला तर या खोलीत साक्षीला उरेल ती ही वही. भिंतीवरच्या कागदात तिच्याबद्दल एक ओळ नाही.

वही भरताना त्यांनी वेळ लिहिली ती जीपीएस घड्याळाचे लाल आकडे पाहून. भिंतीवरचं काट्यांचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. “ते घरी जायचं घड्याळ,” ते हसून म्हणाले.

निघताना विचारलं, रात्रपाळीला किती जण असता?

“मी, आणि गेटवर वॉचमन.”