जुळ्यांची वाणी



आपल्या पुराणांतील सर्वांत लोकप्रिय जुळे म्हणजे लव आणि कुश. त्यांची ख्याती वाणीची. रामकथा त्यांनी प्रत्यक्ष रामापुढे गाऊन दाखविली. घरोघरच्या लव-कुशांचा अनुभव मात्र पुष्कळदा उलटा असतो. दोन वर्षे उलटतात, जोडी घरभर धावू लागते, पण तोंडातून चार-सहा शब्दांपलीकडे काही उमटत नाही. आई काळजीत पडते, आणि वडीलधारी मंडळी धीर देतात, "जुळी उशिराच बोलतात, त्यांतून मुलगे तर आणखी उशिरा." या धीराच्या शब्दांत सत्य किती आणि धोका किती, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे.

सत्य आहे, यात शंका नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात ४७३ जुळ्या जोड्यांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांच्या वयात एकसारख्या जुळ्यांपैकी ४७ टक्के आणि भिन्न जुळ्यांपैकी ३१ टक्के मुले बोलण्यात मागे होती. एकेकट्या जन्मलेल्या मुलांच्या मानाने हे प्रमाण सुमारे दुप्पट भरते. यात अनुवंशाचा वाटा आहे, तसाच अकाली जन्माचाही असू शकतो. निम्म्याहून अधिक जुळी सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वीच जन्मतात. म्हणून दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचे वय, पहिली दोन वर्षे तरी, दोन महिने कमी धरून मोजावे. एवढा हिशेब केला तरी काही घरांतील काळजी निम्मी होईल.

परंतु अकाली जन्माने सर्व उलगडा होत नाही. इंग्लंडमध्ये मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुळ्यांच्या ९६ जोड्या घेतल्या, आणि त्यांची तुलना थोड्या अंतराने झालेल्या सख्ख्या भावंडांच्या ९८ जोड्यांशी केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वीस महिन्यांच्या वयाला जुळी सरासरी १.७ महिने मागे होती, तर छत्तीस महिन्यांच्या वयाला ३.१ महिने. गर्भारपणातील व बाळंतपणातील अडचणींनी या फरकाचा उलगडा झाला नाही. तो बऱ्याच अंशी झाला तो आई आणि मूल यांच्यामधील बोलण्या-वागण्यावरून.

यात आईला दोष देण्याचे कारण नाही. हा साध्या भागाकाराचा प्रश्न आहे. दोघांना न्हाऊ घालायचे, दोघांना भरवायचे, एकाला निजवावे तो दुसरा उठतो. अशा धांदलीत बोलणे "बस", "थांब", "आ कर" एवढ्यावर येते. तेही दोघांना मिळून असते. "हा बघ काऊ, कुठे उडाला?" असे एकाच्या डोळ्यांत पाहून बोलणे, आणि त्याने 'भुर्र' म्हणेपर्यंत थांबणे, यास सवड उरत नाही. मूल भाषा शिकते ती नेमकी या थांबण्यात.

दुसरे कारण जोडीतच आहे. मोठ्यांची भाषा ऐकून एकाने 'काका'ला 'ताता' म्हटले, तर दुसरा तेच उचलतो, आणि दोघांचे काम भागते. अशी अर्धवट रूपे साठत गेली की घरच्यांना न कळणारी 'गुप्त भाषा' तयार झाल्याचा भास होतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात 'पोटो आणि कॅबेंगो' या नावांनी गाजलेल्या दोन बहिणींची भाषा तपासली, तेव्हा ती घरात कानांवर पडणाऱ्या इंग्रजी-जर्मनचीच मोडतोड ठरली. या मुलींचे बालपण इतर मुलांपासून दूर गेले होते. म्हणून अशा भाषेचे कौतुक जरूर करावे, परंतु तिच्यावर विसंबू नये.

यावर उपाय चालतो, याचे एक जुने उदाहरण रशियात आहे. लूरिया आणि युदोविच या मानसशास्त्रज्ञांनी पाच वर्षांच्या एका जुळ्या जोडीचा अभ्यास १९५६ साली ग्रंथरूपाने मांडला. हे भाऊ बहुतेक एकमेकांतच रमत आणि फार थोडे बोलत. त्यांना बालवाडीतील वेगवेगळ्या गटांत ठेवले, तेव्हा इतरांशी बोलणे भाग पडले आणि तीन महिन्यांत दोघांची भाषा स्पष्टपणे सुधारली. म्हणजे गरज निर्माण झाली की वाचा हालते. अर्थात आपल्याकडे जुळ्यांची ताटातूट करावी, असे माझे म्हणणे नाही. दिवसातून थोडा वेळ एकेकट्याचा असला तरी पुरे.

आता हिंजवडीकडे पाहू. म्हातोबाच्या बगाडाचे हे गाव. १९९० च्या दशकाच्या अखेरीस येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले आणि गावाला देशभरच्या भाषा येऊन मिळाल्या. आई मराठी, वडील तेलुगू, सांभाळणारी बाई हिंदी आणि पाळणाघर इंग्रजी, असे घर येथे नवलाचे नाही. अशा घरातील मूल अडखळले की भाषांवर खापर फुटते व एक भाषा बंद करण्याचा सल्ला मिळतो. तो चुकीचा आहे. अनेक भाषा कानांवर पडल्याने वाचेचा दोष उत्पन्न होत नाही. मुलाचे शब्द मोजताना सर्व भाषांतले एकत्र मोजावेत. 'पाणी' आणि 'नीळ्ळु' हे दोन शब्द धरावेत. उणीव असते ती मांड्यांची. ज्या घरात आजी, आत्या आणि शेजारीण होत्या, तेथे जुळ्यांतील एकाला कोणीतरी उचलून नेई. बंद दाराच्या सदनिकेत एकाच बाईपुढे दोन बाळे असतात, आणि मदतीला मोबाईल येतो. मोबाईल बोलतो, परंतु उत्तराची वाट पाहत नाही.

म्हणून रोज दहा-पंधरा मिनिटे एकेका मुलाला वेगळे घ्यावे. वडिलांनी एकाला भाजी आणायला न्यावे, आईने दुसऱ्याबरोबर चित्रे पाहावीत, आणि उद्या पाळी बदलावी. हाक मारावी ती ज्याच्या त्याच्या नावाने. एकाला विचारले की दुसऱ्याला उत्तर देऊ देऊ नये. 'ताता' म्हटल्यावर रागावू नये. "हो, काका आले" असे शुद्ध रूप सहज परत द्यावे.

आता धोका. जुळी उशिरा बोलतात हे खरे असल्यामुळेच त्या वाक्याच्या आड बहिरेपण लपू शकते. दोघांतील एकाला ऐकू येत नसेल, तर तो दुसऱ्याकडे पाहून हालचाल करतो आणि घरच्यांना वाटते, याला सगळे कळते. वर्षाचे मूल बोट दाखवीत नाही किंवा बडबडत नाही, सोळा महिन्यांत एकही शब्द नाही, दोन वर्षांत "आई, ये" अशी दोन शब्दांची जोड नाही, अथवा आलेले शब्द गेले, तर थांबू नये. जिभेला वेखंड लावण्यात महिने दवडू नयेत. प्रथम श्रवणचाचणी, दोघांची वेगवेगळी, आणि मग वाचातज्ज्ञांचा सल्ला. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांच्या तपासणीत भाषेतील विलंबही पाहिला जातो. तेथून पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा मार्ग आहे.

जुळी एकदम जन्मली, तरी वाणी प्रत्येकाची वेगळी फुटते. ती ऐकण्यासाठी प्रत्येकाच्या वाट्याला एक मोकळा कान यावा, एवढीच माझी विनंती आहे.