अडवून ठेवलेला ग्राहक गुंतलेला नसतो

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात कुठल्याही व्यावसायिकाशी वेबसाइटचा विषय काढा, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला मागणी येतेच : "लोक साइटवर जास्त वेळ थांबले पाहिजेत, असं काहीतरी टाका." कृषी सेवा केंद्रवाले हेच म्हणतात, मंगल कार्यालयवाले हेच म्हणतात, ट्रॅव्हल्सवालेही हेच. साइट बनवणाराही मग हौसेने टाकतो. सरकणारी चित्रं, उघडताक्षणी समोर येणारी स्वागताची चौकट, वरून पळणारी लाल अक्षरं, क्वचित सनईसुद्धा. काही महिन्यांनी तक्रार सुरू होते की साइटवरून एकही फोन येत नाही.

जितका जास्त वेळ, तितकी साइट चांगली, हा समज मुळातच चुकीचा आहे. वेळेचा हिशेब यूट्यूबला किंवा बातम्यांच्या साइटला लागू पडतो. त्यांची कमाई जाहिरातींवर चालते, माणूस रेंगाळला की जाहिराती जास्त दिसतात. तुमची कमाई बियाण्याच्या पिशवीवर आहे, हॉलच्या बुकिंगवर आहे. तुमच्याकडे येणारा माणूस एखादा प्रश्न घेऊन येतो, आणि उत्तर मिळालं की त्याला पुढचं काम असतं.

जूनचा पहिला आठवडा धरा. शिरपूरकडचा एक शेतकरी बांधावर उभा राहून मोबाइलवर दुकानाची साइट उघडतो. त्याला तीन गोष्टी हव्या आहेत : सोयाबीनचं फुले संगम बियाणं आलं काय, पिशवी कितीला, आणि दुकान किती वाजेपर्यंत उघडं. आधी बराच वेळ पांढरा पडदा. मग 'नोटिफिकेशन पाठवू का?' अशी विचारणा. मग 'आपले सहर्ष स्वागत'ची चौकट, आणि तिची फुली कोपऱ्यात इतकी बारीक की अंगठा दोनदा चुकतो. मग कुठल्या तरी परदेशी शेतातला ट्रॅक्टर. त्यावरची ओळ वाचेपर्यंत चित्र सरकतं. फोन नंबर सापडतो तो अगदी तळाशी, व्हिजिटिंग कार्डच्या फोटोत. त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही, आकडे लक्षात ठेवून पुन्हा दाबावे लागतात. तो कंटाळून दुसऱ्या दुकानाला फोन लावतो. मालकाच्या अहवालात मात्र या भेटीची नोंद 'दीड मिनिट' अशी होते आणि मालक खूश होतो!

दुसऱ्या दुकानाच्या साइटवर पहिल्याच पडद्यावर आजचा साठा, भाव, दुकानाची वेळ आणि दाबला की लागणारा नंबर. वीस सेकंदांत फोन लागला, व्यवहार ठरला. वेळ मोजणाऱ्याच्या लेखी ही साइट नापास. या मोजमापाला काय अर्थ आहे, सांगा.

मुळात ही मोजणीही भरवशाची नव्हती. भेटी मोजणारं जुनं गुगल ॲनालिटिक्स दोन पानं उघडण्यातलं अंतर धरून वेळ काढायचं. माणसाने एकच पान शांतपणे पाच मिनिटं वाचलं आणि बंद केलं, तर नोंद शून्य सेकंदांची. जुलै २०२३मध्ये गुगलने ती पद्धत बंद केली. आता दहा सेकंदांहून जास्त थांबलेली, दोन पानं पाहिलेली किंवा तुम्ही ठरवून दिलेली कृती पार पडलेली भेट 'गुंतलेली' धरली जाते. ती कृती फोनच्या बटणावरचा दाब ही ठेवता येते. आपल्याकडे किती साइटवाल्यांनी ती ठेवून दिली आहे, हे एकदा विचारून बघा.

"पण लोक पटकन निघून जातात, हे तर खरं ना?" खरं आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दोन लाखांहून अधिक वेबपानांच्या भेटी तपासल्या होत्या. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २०११मध्ये त्यावरून मांडलेला निष्कर्ष असा : सोडून जाण्याचा धोका पहिल्या दहा सेकंदांत सर्वांत जास्त असतो, साधारण अर्ध्या मिनिटापर्यंत तो बराच राहतो, आणि पान आपल्या कामाचं आहे हे एकदा पटलं की माणूस टिकतो. म्हणजे पहिले दहा सेकंद हीच तुमची खरी जागा आहे, आणि नेमके तेच आपण स्वागतात घालवतो. दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाला भाव सांगायच्या आधी दारात अडवून हार घालण्यातला हा प्रकार आहे.

वेगाचंही तेच. मोबाइलवर पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर ५३ टक्के भेटी तिथेच सुटतात, असं गुगलने २०१६मध्ये जाहीर केलं होतं. शहरातल्या वायफायवर झटकन उघडणारी साइट तालुक्यातल्या एखाद्या गावात, एका रेघेच्या रेंजवर उघडून बघा. मोठमोठे फोटो आणि व्हिडिओ टाकून 'भारी' केलेली साइट तिथे खरोखरच भारी पडते.

सरकत्या चित्रांचा मोह तर सुटता सुटत नाही. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या साइटवर एरिक रनियन यांनी ते मोजून पाहिलं. सरकत्या चित्रांवर क्लिक करणारे पाहुणे साधारण एक टक्का, आणि त्यातले बहुतेक पहिल्याच चित्रावर. तिसरं, चौथं, पाचवं चित्र मालक आणि त्याचे नातेवाईकच बघतात.

'माणसाचं लक्ष आता गोल्डफिशपेक्षाही कमी, आठच सेकंद' हे वाक्यही प्रत्येक प्रशिक्षणात ऐकू येतं. २०१५च्या मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या अहवालातून ते पसरलं. २०१७मध्ये बीबीसीने माग काढला, तेव्हा त्या आकड्यामागे कुठलंच संशोधन सापडलं नाही. हीच माणसं तीन तासांचा सिनेमा बघतात. कामाचं असेल तिथे लक्ष टिकतंच.

तीन क्लिकमध्ये सगळं सापडलंच पाहिजे? २००३मध्ये वेब डिझायनर जोशुआ पोर्टर यांनी हा नियम तपासला. तीन क्लिकनंतर माणसं सोडून जातात असं दिसलं नाही, योग्य दिशेने चाललोय हे कळलं की पुरतं. आवाज आपोआप सुरू करायचा? क्रोम २०१८पासून बहुतेक वेळा तो अडवतंच. चौकट उघडून नंबर मागायचा? मोबाइलवर पान झाकणाऱ्या चौकटी असलेल्या साइटना गुगल जानेवारी २०१७पासून शोधात खाली ढकलू शकतं. आणि पानातल्या न दिसणाऱ्या 'कीवर्ड' टॅगमध्ये शंभर शब्द भरायचे? गुगलने २००९मध्येच सांगितलंय की तो टॅग ते वापरत नाहीत. अजूनही त्याचे पैसे घेणारे आहेत, देऊ नका.

'इंग्रजीत असलं की वजन पडतं' हा समज त्याहून घातक. केपीएमजी आणि गुगलच्या २०१७च्या अहवालात ६८ टक्के इंटरनेट वापरणाऱ्यांनी आपल्या भाषेतला मजकूर इंग्रजीपेक्षा विश्वासार्ह मानला होता. इथला ग्राहक वऱ्हाडीत भाव विचारतो, त्याला मराठीतच उत्तर द्या. फक्त मजकूर युनिकोडमध्ये हवा. डीटीपीवाल्याकडची जुन्या फॉन्टमधली पत्रिका जशीच्या तशी चिकटवली तर अक्षरांचा चिवडा होतो, आणि तिचा फोटो लावला तर त्यातलं 'बियाणं' शोधणाऱ्याला सापडेलच याचा भरवसा नाही.

आपल्या गावापुरती एक खास अडचण आहे, तिच्याकडे कुणी लक्षच देत नाही. 'मालेगाव' म्हटलं की बाहेरच्या माणसाला नाशिक जिल्ह्यातलं यंत्रमागांचं शहर आठवतं. इंग्रजीत लिहिलं तर बारामतीजवळचं आणि लोहा तालुक्यातलं माळेगावही त्यातच येतं. समृद्धी महामार्गावरून शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला निघालेल्या कुटुंबाने तुमच्या हॉटेलची साइट उघडली आणि पत्त्यात नुसतं 'मालेगाव' दिसलं, तर ते पुढे कशाला वाचतील? त्यांच्या दृष्टीने तुम्ही दुसऱ्याच जिल्ह्यात आहात. जिल्हा वाशीम, पिनकोड, अकोला–वाशीम रस्त्यावरची एखादी खूण आणि नकाशाची लिंक, एवढं पहिल्याच पडद्यावर असलं तर ते कुटुंब थांबेल.

तेव्हा मालकांनो, आज वायफाय बंद करून आपलीच साइट आपल्याच मोबाइलवर उघडा. दहा सेकंदांत जिल्हा, भाव आणि दाबता येणारा नंबर दिसला नाही, तर साइट बनवणाऱ्याला बोलवा आणि नवीन काही टाकायला सांगण्याआधी असलेलं अर्धं काढून टाकायला लावा.