जुन्या पद्मिनीचा पत्रा: मूळ रूपात आणणे म्हणजे काय?

जुनी गाडी ‘कंपनीतून आली तशी’ केली आहे, असे सांगणारा माणूस बहुधा रंगाची चमक दाखवतो. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मात्र आधी दाराखाली वाकून बघावे. असे का, ते या टिपणात प्रीमियर पद्मिनीच्या उदाहरणावरून पाहू.

पद्मिनी म्हणजे मुळातली फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात ती तयार होई. पद्मिनी हे नाव तिला १९७० च्या दशकात मिळाले आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. जुन्या जीपला खाली शिडीसारखी वेगळी चासी असते. बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी चाके, इंजिन, स्टिअरिंग जागेवर राहते. पद्मिनीला (आणि अँबेसेडरलाही) अशी स्वतंत्र चासी नाही. साच्यात दाबलेले पत्र्याचे भाग स्पॉट वेल्डिंगने जोडून जी पेटी होते, तीच चासी. या रचनेला मोनोकॉक म्हणतात. त्यामुळे इथे गंज थेट गाडीची ताकद खातो.

दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पोकळ पेटी म्हणजे सिल. गाडी खड्ड्यात गेली की बॉडीला पीळ बसतो, आणि त्याला विरोध करण्यात सिलचा मोठा वाटा असतो. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समधले सूत्र इथे लावून पाहा. बंद छेदाचा टॉर्शन स्थिरांक = ४ × (छेदाने वेढलेले क्षेत्रफळ)² × जाडी ÷ परिमिती. हिशेबासाठी १०० मिमी × १०० मिमीची, १ मिमी पत्र्याची पेटी घ्या. उत्तर येते १०,००,००० मिमी⁴. आता त्याच पेटीचा जोड एका बाजूने लांबीभर उघडला असे समजा. छेद उघडा झाला, आणि सूत्र बदलले: परिमिती × (जाडी)³ ÷ ३, म्हणजे साधारण १३३ मिमी⁴. पत्रा तेवढाच आहे, वजन तेवढेच आहे, पण पिळाला होणारा विरोध सुमारे साडेसात हजार पटींनी घटला. खऱ्या गाडीत जोड तुकड्यातुकड्याने सुटतो आणि पेटीची टोके इतर भागांना जोडलेली असतात, म्हणून घट इतकी टोकाची नसते. दिशा मात्र हीच.

आणि गंज सुरू होतो तो नेमका या जोडातच. दोन पत्र्यांच्या कडा एकमेकांवर ठेवून स्पॉट मारले की मध्ये केसाएवढी फट राहते. तिथे रंग पोहोचत नाही, पाणी मात्र केशाकर्षणाने पोहोचते आणि लवकर वाळत नाही. गंजाचे आकारमान मूळ पोलादाच्या कित्येक पट असते, त्यामुळे तो कडा फाकवत जातो. बाहेरून रंगाला दोन-चार फोड दिसतात, तेव्हा आतली बाजू बरीच गेलेली असते.

बाजारातला उपाय ठरलेला: फोड खरवडायचे, भोकावर फायबर किंवा पातळ पत्रा चिकटवायचा, वर लांबी भरायची, घासायची, रंग मारायचा. गाडी सुंदर दिसते, छेद उघडाच राहतो. हे ओळखायला लोहचुंबक पुरते; जाड लांबीवर तो धरत नाही. रंगाची जाडी मोजायचे यंत्र असेल तर कंपनीचा रंग साधारण एक-दोनशे मायक्रॉनच्या आत असतो, आणि १ मिमी लांबी म्हणजेच १,००० मायक्रॉन. मी डेंटरला दोष देत नाही. गिऱ्हाईक पैसे चमकेचे देते, ताकदीचे नाही.

नीट करायचे तर पत्रा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाईप टॅक करून ती बांधायची, कर्ण मोजून लिहून ठेवायचे, आणि एका वेळी एकाच बाजूचे सिल काढायचे. आमच्या वर्कशॉपमध्ये एकदा घाईत हे बांधणे मीच राहू दिले. नवे सिल छान बसले, दार मात्र वरच्या कोपऱ्यात अडकू लागले. चौकट ४ मिमी मिटली होती. सगळे वेल्ड पुन्हा कापावे लागले. विद्यार्थी तो दिवस विसरले नसतील, मी तर नाहीच.

जुने स्पॉट ड्रिलने सोडवतात, आणि नव्या पत्र्याला भोके पाडून, मूळ स्पॉट होते त्याच जागी सीओटू वेल्डिंगने ती भरतात. लांब सलग वेल्ड जास्त मजबूत वाटतो, पण उष्णतेने पत्रा आक्रसतो आणि मोठ्या सपाट भागात डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर पडू लागतो. म्हणून थोडे इकडे, थोडे तिकडे, मध्ये थंड होऊ देत. जुन्या काळी कारखान्यांत दिसणारे जोड शिसे-कथलाच्या मिश्रणाने भरत. ते १८३ अंश सेल्सियसच्या वर काही अंतरापर्यंत लोण्यासारखे मऊ राहते, म्हणून लाकडी पट्टीने आकार देता येतो. मात्र शिसे विषारी आहे: कानशीने घासा, मशीनने धूळ उडवू नका.

बरेच जण सिलच्या जागी चौकोनी पाईप टाकतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदणीला गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरबदल चालत नाही. माझ्या मते पाईप हा फेरबदलच. त्याच आकाराचे, त्याच जाडीचे, त्याच जागी जोडलेले सिल ही दुरुस्ती.

एका बाबतीत मी स्वतः मूळ रूप मोडतो. सिलच्या पोकळीत मेण फवारतो. ते बाहेरून दिसत नाही, हवे तेव्हा काढता येते. फक्त फवारल्यावर सिलच्या तळाची पाणी निघायची भोके तारेने मोकळी करा, नाहीतर आत पाणी साचून तीच पेटी पुन्हा कापायला घ्यावी लागेल.